पेटी उलटली का?

हाडांच्या दवाखान्यात कंपाउंडरबाई खिडकीमागे नंबर लिहीत होत्या, पण कान बाकड्याकडे होते. तिथे बोअरिंगवाला आणि त्याच्या भूगर्भशास्त्राच्या मॅडम बसल्या होत्या.

“मॅडम, पायाचं बोट मोडलंय.”

“ते जुळेल हो. बोअरमधून काढलेले पेटीतले दगड सरमिसळ झाले का?”

“खाली शिंपल्यांचा काळा गाळ, मग वाळू, वर गोटे. असंच ना?”

“असंच. डोंगराच्या ओझ्याने शेजारची जमीन खचली, तिथे समुद्र शिरला. मग डोंगर झिजला, नद्यांनी समुद्र बुजवला. क्रम चुकला तर माझी सहा वर्षं पाण्यात.”

“समुद्र बुजलाय ना? मग पाणी कुठलं?”

“चावटपणा पुरे! पेटी उलटली का?”

“उलटत होती. म्हणून तर मध्ये पाय घातला.”

मॅडम उठून खिडकीशी आल्या.

“बाई, यांना आधी आत घ्या ना. फार दुखतंय हो त्यांना.”