चौघांचं टेबल

(रविवार संध्याकाळ, कोथरूड. वरच्या खोलीत भाड्याने राहणारा तेजस पेढ्यांचा पुडा घेऊन घरमालकीण कल्याणीकाकूंकडे आलेला.)

काकू : तो फोन एकतर उचला, नाहीतर बंद करा. तुम्ही आल्यापासून तिसऱ्यांदा वाजतोय.

तेजस : राहू द्या काकू. रॉंग नंबर असेल.

काकू : रॉंग नंबरवाल्याचं नाव लिहून येतं? गेनबा, वाई. चष्मा आहे मला.

तेजस : वाईत भेटले होते. म्हातारे आहेत.

काकू : आणि तुमचे ते तीन मित्र? पेढे त्यांनी घेतले की नाही? तुमच्या स्टेटसच्या फोटोत फक्त मिसळ आणि घाट दिसतोय. माणसं कुठायत?

तेजस : होते ना. बाजूला होते.

काकू : तेजस, तीन वर्षं वर राहताय. शनिवार-रविवारी जिन्यात एकच चपलेचा जोड असतो.

तेजस : ...मी एकटाच गेलो होतो.

काकू : ऐन वेळी टांग दिली का त्यांनी?

तेजस : नाही. ऑफिसच्या ग्रुपवर प्लॅन झाला होता, दिवाळीच्या आधी. मग सगळे विसरले. मी काल कुणाला विचारलंच नाही. नाही म्हणाले असते तर सोमवारी हिंजवडीच्या बसमध्ये शेजारी बसायचं कसं?

काकू : बरं. यात म्हातारा कुठून आला?

तेजस : मिसळीच्या हॉटेलात खूप गर्दी होती. सगळी फॅमिलीवाली. मालकाने ओरडून विचारलं, किती जण? माझ्या तोंडून निघालं, चार.

काकू : आणि बसलात चौघांच्या टेबलावर.

तेजस : हो. मग हे बाबा आले. म्हणाले, तुमची माणसं येईस्तोवर टेकतो. ते उठेनात, मला खोटं सोडवेना. तासभर बसलो तसेच. त्यांनी घरचं विचारलं. मी कारंज्याचा म्हणालो, तर कारंजा कुठं आलं, पाऊस किती पडतो, आई काय करते, सगळं विचारलं.

काकू : मग?

तेजस : शेवटी मी म्हटलं, मित्र घाटात अडकलेत. ते म्हणाले, तवर बाजार दाखवतो. हळदीची वखार दाखवली, घोंगड्यांच्या दुकानात नेलं. हे पेढे त्यांनीच घ्यायला लावले, पलीकडच्या दुकानातले घेऊ नका म्हणाले. खरं सांगू, एवढं मी इथे महिन्यातसुद्धा कुणाशी बोलत नाही.

काकू : मग फोन का उचलत नाही?

तेजस : आम्ही एकमेकांचे नंबर घेतले. ते मला लॉजवर सोडून एसटी स्टँडवर गेले. पुण्याहून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत बसले, खंबाटकी घाटात काही झालंय का. मग मला फोन, घाट मोकळा हाय म्हंत्यात, मग पोरं कुठं गेली? मी कट केला. आज दुपारपर्यंत लॉजच्या खोलीबाहेर पडलो नाही. रस्त्यात भेटले तर काय सांगू?

काकू : म्हणजे तो माणूस कालपासून तीन पोरांच्या काळजीत आहे. जी नाहीतच.

तेजस : मला माहितीये काकू.

काकू : तुम्हाला माहिती असून त्याला काय उपयोग? लावा फोन.

तेजस : सगळे सुखरूप पोचले, असं सांगतो. एका वाक्यात संपेल.

काकू : संपेल. सांगा हवं तर. मी आत जाऊ का?

तेजस : नको. थांबा तुम्ही. ...हॅलो? बाबा, मी तेजस. काल मिसळ खाल्ली आपण.

गेनबा : अवं, किती फोन लावलं तुमास्नी. घावली का पोरं?

तेजस : बाबा, ते...

गेनबा : काय झालंय? बोला की. कुनाला लागलंबिगलं न्हाई न्हवं?

तेजस : नाही. कुणाला काही झालं नाही. कुणी येणारच नव्हतं, बाबा. मी एकटाच आलो होतो. तिथे सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटली. तुम्हाला उगाच त्रास दिला. माफ करा.

गेनबा : एकटाच हुतास व्हय, लेका.

तेजस : हो.

गेनबा : मंग घरलाच न्हेलं असतं की जेवाय.