आरशावानी भिंत

वेल्ह्याहून पासलीची एसटी सुटली. हनुमंत गवंडी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पुढच्या बाकावर पारूबाई अन् फुलाबाई रंगात आल्या होत्या.

“फुला, म्या चार दिस मेंढरांमागं रानात होते. तेवढ्यात गवंड्यानं न्हाणीच्या नव्या भिंतीला छिन्नीनं टाचे मारून तिची पार चाळण केली.”

“मंग सून काय म्हणली?”

“म्हणती, आत्याबाई, त्याबिगर टाईल धरत न्हाई.”

“आसंल बाई.”

“कशाचं आसंल? चांगली भिंत मुद्दाम खडबडीत करायची व्हय? म्या पाटीभर शेणमाती कालवली अन् एकूण एक भोक लिंपलं. भिंत आरशावानी केली.”

“सुनेला सांगितलं?”

“ती म्हायेराला गेलीया. आज येणार हाय त्यो टाईल बसवाया. बघू दे त्यालाबी, भिंत कशी आसती ती.”

हनुमंतानं पिशवी हळूच बाकाखाली सारली. वळणावर ती घसरत जाऊन पारूबाईच्या टाचेवर आदळली.

“काय वो हे एवढं जड?”

“छिन्नी-हातोडी हाय, आक्का.”

“व्हय? कुणाकडं निगालाय?”

“तुमच्याच न्हाणीला. टाईल उद्या बसवू, आज परत टाचे मारतो.”