जादा पाटा

(लोणावळा, १९७१. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला श्रीपती मिस्त्रींचं गॅरेज. सकाळची वेळ. हनुमंतची फियाट टॅक्सी दारात उभी. मुंबईहून आणलेली चाकं भिंतीला टेकवलेली.)

श्रीपती : ...आन् ह्ये रुंद चाक लावलंस तर मडगार्डाच्या भाईर येतंय बघ, एवढं. रस्त्यावरची सगळी राड उडून दारावर बसंल. तू टॅक्सी चालवनार का दिवसभर धूत बसनार?

हनुमंत : ते नकोच, आबा. ते भंगारवाल्यानं गळ्यात मारलं. हे दुसरं धरा बघू मडगार्डाला लावून. हां! आता बघा. कडेला कड. वरनं हात फिरवला तर कळायला नको, पत्रा कुटं संपला नि टायर कुटं सुरू झाला.

श्रीपती : दिसतंय ब्येस. खोटं कशाला बोलू? तुझं आत्ताचं चाक म्हंजे थोरल्या भावाचा सदरा घातलेलं प्वार. आत कुटंतरी हाय, पर दिसत न्हाई.

हनुमंत : म्हणूनच तर. आन् गाडी खाली घ्यायची. पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापायचा, मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांचा बाक ठोकून सपाट करायचा. टायर नि मडगार्डाच्या मधी दोन बोटं जागा ऱ्हायली पायजे. बास.

श्रीपती : कुनाची बोटं? तुझी का माझी?

हनुमंत : आबा, चेष्टा नको.

श्रीपती : चेष्टा न्हाई. माझी दोन म्हंजे तुझी तीन. आन् दोन बोटं कवा मोजायची? रिकाम्या गाडीत का भरल्या?

हनुमंत : उभ्या गाडीत.

श्रीपती : तुझी गाडी उभी कवा असती? सकाळी दूधवाले, मंग बंगल्यांवर झाडलोट करनाऱ्या बाया, मंग कार्ल्याला जानारी मुंबैची मंडळी. पुढं तीन, मागं पाच, वर टपावर भाजीच्या पाट्या. मागची पाच टेकली की तुझ्या दोन बोटांतलं एकबी ऱ्हानार न्हाई. टायर घासनार मडगार्डाला. आन् तुमच्या मळवलीचा रस्ता? त्यो इसरलास?

हनुमंत : रस्त्याला काय झालं?

श्रीपती : फाटकाच्या पल्याड बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. मधी वरंबा. त्यो वरंबा रोज तुझ्या गाडीचं प्वाट खाजवनार. एक दिस चेंबर फुटनार, आन् सगळं ऑइल भाताच्या खाचरात.

हनुमंत : एक चाक वरंब्यावर चढवून नेईन मी.

श्रीपती : रोज?

हनुमंत : रोज.

श्रीपती : येडा झालास तू. खरं सांग, कुनाला दावायचीय गाडी?

हनुमंत : कुणाला न्हाई. आपली हौस.

श्रीपती : मंग ती कशापायी हिकडं येतीया?

हनुमंत : कोण?

श्रीपती : भामाबाईची हिरा. दवाखान्यातली. पांढरी साडी, हातात डबा. अशी चालतीया जनू तुला टोचायलाच निघालीय.

हनुमंत : अरे देवा. रात्रपाळी सुटली का तिची?

हिरा : सुटली. केव्हाच सुटली. स्टँडवर उभी राहून राहून पाय गेले माझे. शेवटी तो पानवाला म्हणाला, बाई, हनुमंतची गाडी श्रीपतीआबांकडे आहे. काय झालं, आबा? गाडी आजारी आहे?

श्रीपती : गाडी ठनठनीत हाय. मालकाला ताप आलाय.

हनुमंत : तसं काय न्हाई, हिरा. गाडी जरा खाली घ्यायचीय. आन् ही बघ, नवी चाकं.

हिरा : खाली म्हणजे? आम्ही बायकांनी गाडीत बसायचं की लोळत शिरायचं?

हनुमंत : इतकी न्हाई गं. थोडी. रस्त्याला धरून चालती अशी गाडी.

हिरा : आबा, खरं सांगा. खाली घेतली की गाडी कमी आदळते की जास्त?

श्रीपती : स्प्रिंग कापली की कडक व्हती. खड्डा आला की थेट मनक्याला निरोप.

हिरा : झालं तर मग. उद्यापासून मी आपली लोकलने. नाहीतर लोकलचीसुद्धा गरज नाही.

हनुमंत : म्हणजे?

हिरा : मेट्रनबाईंनी खोली देऊ केलीय. दवाखान्याच्या आवारातच. ड्यूटी संपली की पाच पावलांवर अंथरूण. घेते की नाही, ते उद्या संध्याकाळी सांगायचंय.

हनुमंत : आन् भामामावशी? ती एकटी ऱ्हानार मळवलीला?

हिरा : आईच म्हणाली, घे. म्हणाली, रोज सकाळी येतेस ती मोडून येतेस, त्यापेक्षा तिथं झोप, रविवारी ये. तोंडानं म्हणाली. पण काल दुपारी मी झोपले समजून माझी गोधडी पिशवीत भरली, मग काढली, मग परत भरली. मी जागीच होते. मला काय कळत नाही?

श्रीपती : ऐकलंस का, हनुमंता?

हनुमंत : ऐकलं की.

श्रीपती : मंग बोल. गाडीखाली काय बघतुयास?

हनुमंत : काय बोलू? अहो, हिच्यासाठीच चालली होती ही सगळी खटपट.

हिरा : माझ्यासाठी? मी कधी म्हटलं गाडी खाली घे?

हनुमंत : म्हणालीस. वलवणच्या वळणावर. ती मुंबईवाल्याची लाल गाडी आपल्या पुढं गेली, बुटकी, चाकं अशी पत्र्याबरोबर. तू काचेतनं वळून वळून बघत होतीस. आन् म्हणालीस, काय नशीब आहे एकेकाचं!

हिरा : अरे, ते मी गाडीला नाही म्हटलं!

हनुमंत : मग कुणाला?

हिरा : आत बाई होती एक. मागं डोकं टेकून झोपली होती. तोंड जरासं उघडं. वळणावर गाडी वळली तरी तिला पत्ता नाही. तिला बघून म्हटलं मी. चाकं कुणी बघितली?

श्रीपती : घ्या! आन् हा गडी पार मुंबैला जाऊन चाकं घेऊन आला.

हिरा : रात्रभर बाळंतपणं करते मी, हनुमंता. सकाळी तुझ्या गाडीत बसते, डोळे मिटते, की गाडी मला उचलून टपाला आपटते. परवा कशीबशी डुलकी लागली, तर शेजारच्या रतनबाईच्या पाटीतल्या कोंबडीनं चोच मारली. इथं, दंडाला.

हनुमंत : मला सांगायचं न्हाई?

हिरा : काय सांगू? तू आरशात बघून हसत होतास.

हनुमंत : कोंबडीला हसलो मी.

हिरा : हो, कोंबडीलाच! शाळेत होतास तसाच आहेस. आबा, मला एक सांगा. ही गाडी मागून अशी उंच का असते? बाकीच्या फियाट नाहीत अशा. ही म्हणजे टोळ बसल्यासारखी दिसते.

श्रीपती : ह्यात जादा पाटा हाय ना. मागल्या साली आठ-आठ मानसांनी गाडी बसाया लागली, तर ह्योच आला. आबा, एक पाटा वाढवा म्हनला. ट्रकाचा जुना पाटा व्हता माझ्याकडं, त्यो कापून घातला.

हिरा : ट्रकाचा पाटा! तरीच. आणि तो काढला तर?

श्रीपती : काढला तर... काढला तर मागनं खाली बसंल की. आन् चालंलबी लोण्यावानी.

हिरा : न कापता? न ठोकता?

श्रीपती : न कापता, न ठोकता. चार बोल्ट खोलायचं.

हनुमंत : आबा! सकाळपासनं मी इथं घसा कोरडा करतोय, तुमी बोलला का न्हाई?

श्रीपती : तू खाली घ्या म्हनलास. पाटा काढा कुटं म्हनलास? आन् काढायचा म्हंजे आठ मानसं बसवायची न्हाईत. पाच. पुढं एक, मागं तीन, आन् तू. त्ये तुझ्या पोटावर येतंय, म्हनून गप बसलो मी.

हनुमंत : पाच.

श्रीपती : पाच. सव्वं चढलं की तुझा नवा टायर मडगार्डाला भेटला समज.

हिरा : राहू दे, हनुमंता. माझ्या एका डुलकीसाठी तू धंदा कशाला मोडतोस? मी खोली घेते. तेच बरं.

हनुमंत : थांब जरा. बंगल्यांवर जाणाऱ्या बायांना कुटं एवढी घाई असती? त्यांना दुसऱ्या खेपेला आणीन. एक खेप वाढंल, बाकी काय? उठायचं थोडं लवकर. आबा, काढा तो पाटा.

श्रीपती : पुन्यांदा इचार कर.

हनुमंत : केला. काढा. आन् पुढचा वेढा?

हिरा : त्याला हात लावायचा नाही. एकदा कापलं की परत जोडता येत नाही. आमच्याकडे कापायच्या आधी जवळच्या नातेवाइकाची सही घेतात.

श्रीपती : मंग तू कोन लागतीस गाडीची?

हिरा : मी पेशंट आहे तिची.

हनुमंत : बरं, वेढा ऱ्हायला. आता चाकांचं सांग. एवढ्या लांबनं डोक्यावरनं आणलीत. ती पण परत करू?

हिरा : बघू. ही? नको बाई. ही केवढी बाहेर येतात! दारातून जाताना कोपरं लागतात तसं. आणि ही दुसरी?

हनुमंत : धरा आबा, धरा लावून. तिला दावा.

हिरा : अगंबाई! ही छान दिसतात. अगदी पदर चापून पिन लावल्यासारखी. आत्ताची चाकं कशी पोटात शिरलेली, ही बरोब्बर कडेला आली.

हनुमंत : मी वेगळं काय म्हणत होतो! कडेला कड! आबा, ऐकलं का?

श्रीपती : ऐकलं. मी ब्येस म्हनलो तवा हसला न्हाईस, तिनं म्हनलं की दात दिसाया लागलं.

हिरा : पण घासणार नाहीत ना, आबा? पाटा काढल्यावर?

श्रीपती : कडचा पत्रा हातोडीनं आत दुमडतो जरासा. तरीबी उद्या मी सोता मागं बसून ऐकनार. निस्तं बघून चाक बसवायचं नसतं, भरलेली गाडी काय म्हनती त्ये ऐकायचं असतं.

हिरा : बरं, मग आज मी लोकलने जाते. उद्या ड्यूटी सुटली की गाडी दवाखान्याच्या दारात आण, हनुमंता. नीट घरी पोचले तर मेट्रनबाईंना एक उत्तर, आदळत पोचले तर दुसरं.

हनुमंत : एवढ्यावर ठरवणार?

हिरा : तुझ्यासाठी एवढं. माझ्यासाठी रोजचं आहे ते.

* * *

हनुमंत : हळू लावा दार, आबा. आली ती.

हिरा : अरे वा! ही तीच गाडी का? केवढी नटलीय! आणि आबा, तुम्ही खरंच मागे बसलात?

श्रीपती : बसलो तर. चाकाच्या बरुबर वर. हिकडं दोन भाताची पोती ठिवल्यात, दोन पाशिंजरांच्या बदली. भांडत न्हाईत, पान खाऊन थुंकत न्हाईत. लय चांगली पाशिंजरं.

हिरा : रतनबाई?

हनुमंत : दुसऱ्या खेपेला. कोंबडीसकट. तू पुढं बस.

हिरा : बसते. अगंबाई, पाय अलगद टेकला की आज.

हनुमंत : कशी वाटतीया?

हिरा : आत्ताशी गिअर टाकलास. चालव तर खरी.

हनुमंत : हे बघ, दवाखान्यापुढचा खड्डा. कळला?

हिरा : कुठला खड्डा?

हनुमंत : हां! आबा, कुठला खड्डा म्हणती!

श्रीपती : बोलू नगंस. मला ऐकू दे.

हिरा : रात्री जुळं झालं एकीला. नाणे मावळातल्या. नवरा बाहेर बसलेला. एक झालं सांगितलं तर हसला, दुसरं झालं सांगितलं तर मटकन खालीच बसला. मग त्याची सासू म्हणाली...

हनुमंत : काय म्हणाली?

हिरा : म्हणाली, जावईबापू... आता...

हनुमंत : आता काय?

श्रीपती : गप.

हनुमंत : का? घासतंय का? आवाज येतोय का मागं?

श्रीपती : टायरचा न्हाई. घोरन्याचा येतोय.

हनुमंत : काय सांगता!

श्रीपती : फुडं बघ, फुडं! तिच्याकडं काय बघतुयास? ट्रक येतोय समोरनं.

हनुमंत : कार्ल्याचा फाटा आला. वळवतो. आता पुढं रेल्वेचं फाटक, आबा. रुळावर उठणार बघा ती. रोज तिथंच तोंडातनं 'आई गं' निघतं तिच्या.

श्रीपती : पयल्या गिअरात घाल. येऊ दे... येऊ दे... हळू. पयला रूळ गेला.

हनुमंत : उठली?

श्रीपती : दुसरा बी गेला. न्हाई. मान हिकडची तिकडं केली फकस्त.

हनुमंत : आता तुमचा तो वरंबा.

श्रीपती : चाकोरीतनंच ने, चढवू नगंस. हां. गवत घासतंय निस्तं पोटाला. जाऊ दे. चाकं ब्येस बसल्यात रं. मलाच आता एक गाडी घ्यावी वाटाया लागलीय.

हनुमंत : आबा, पण खोलीचं काय ते बोललीच न्हाई ती.

श्रीपती : मंग उठवून इचार.

हनुमंत : छ्या! काय बोलता!

श्रीपती : न्हाई, तूच म्हनलास.

हनुमंत : उठली की विचारीन. आज न्हाई तर उद्या. रोज तर येणारच हाय... म्हणजे, यावी.

श्रीपती : घर आलं बघ. भामाबाई दारातच हुबी हाय.

हनुमंत : ब्रेक हळू मारतो. झटका बसायला नको.

श्रीपती : हात करतीया ती.

हनुमंत : बाजूला घे म्हणती का? अंगणात?

श्रीपती : दम. वाकून काचेतनं पोरीकडं बघतीया. व्हटांवर बोट ठिवलंय.

हनुमंत : मग? थांबू ना?

श्रीपती : न्हाई रं. फुडं जा म्हनतीया.