पाय टेकले पाहिजेत

सून : लपवू नका बाबा. हातात काय आहे?

सासरे : काही नाही गं. तेलाची बुदली. साखळी कुरकुरत होती.

सून : साखळी खाली आहे. तुम्ही सीटच्या दांड्यात तेल सोडत होतात. मी बघितलं.

सासरे : गंजू नये म्हणून...

सून : रोज पाना घेऊन मर मर आवळतेय मी, आणि नाक्यापर्यंत जाईतो सीट खाली. मेकॅनिक हसला काल. म्हणाला, ताई, घरात कोणी वैरी आहे का?

सासरे : त्याला काय कळतंय!

सून : माझे गुडघे सुजलेत. कामावर रोज उशीर. मेट्रननं बजावलंय, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी आया बघू. मग खायचं काय आपण दोघांनी?

सासरे : सीट खाली असली की पाय टेकतात.

सून : म्हणजे?

सासरे : माझ्या पोराचे टेकले नाहीत. ट्रक अगदी बाजूनं गेला, तोल गेला, आणि पाय हवेतच. उंच सीटचा भारी शौक त्याला.

सून : बाबा...

सासरे : तो गेला. आता तूही त्याच सायकलवर रोज जातेस.

सून : आणि चालवताना सीट एकदम खाली बसली की काय होतं, ठाऊक आहे? परवा मी बसच्या पुढ्यात धडपडले.

सासरे : बसच्या? बोलली नाहीस!

सून : तुम्ही घाबराल म्हणून.

सासरे : ...रॉकेल आण. आणि फडकं.

सून : द्या, मी करते.

सासरे : नको. तेल मी घातलंय, मीच काढणार. आतली नळीही पुसायला हवी, नुसतं आवळून भागत नाही. पॉलिश पेपर दे. दांडा खरखरीत झाला की धरून राहील.

(सीट वर घेऊन, आवळून, सायकल अंगणात सरळ उभी करून)

सासरे : बस आता. टाच पेडलवर ठेव. पाय सरळ होतोय?

सून : होतोय.

सासरे : सीट हलतेय?

सून : अजिबात नाही.

सासरे : आणि जमिनीला?

सून : नुसते अंगठे लागतायत.

सासरे : ...बरं. नीघ, उशीर होईल. नाक्यावर पोचलीस की घंटी वाजव.

सून : तिथून ऐकू येते तुम्हाला?

सासरे : नाही येत. पण वाजव.