रॉइसच्या शेडमधली करवत

मर्ल : हात लाव ना तिला. घोडा विकत घ्यायला आल्यासारखा नुसत्या फेऱ्या काय मारतोयस?

अ‍ॅथल : बघतोय. पट्ट्याची करवत आधी डोळ्यांनी बघायची असते, मग हातांनी.

मर्ल : माझा नवरा जाऊन सात महिने झाले. सात महिने मी चहाचा कप घेऊन या शेडमध्ये येते, हिच्याकडे बघते आणि परत जाते. बघून झालंय माझं. आता ती चालली पाहिजे.

अ‍ॅथल : गावच्या हॉलच्या कमिटीला काहीतरी हवंय, म्हणालीस.

मर्ल : पाटी. हॉलच्या दाराशी त्यानं केलेला बाक आहे ना, त्याच्या पाठीवर लावायची. 'रॉइस टास्कर, सुतार.' ती शेल्फवरची ब्लॅकवुडची फळी घ्यायची आणि त्याच्याच करवतीवर कापायची. कमिटीची अटच आहे तशी. आणि गावात करवत लावता येणारा तू एकटाच उरलायस.

अ‍ॅथल : फळी मी घरी नेतो. माझ्या मशिनवर दोन मिनिटांत होईल. कोणाला कळणारे?

मर्ल : मला. उघड करवतीची ती दारं.

अ‍ॅथल : प्लग काढलाय?

मर्ल : काढलाय. उघड.

अ‍ॅथल : हं. हे वरचं चाक, हे खालचं. पातं दोन्हींवरून फिरतं. वर ताण द्यायची मूठ आहे, मागे हा छोटा...

मर्ल : हे पिवळं चिकट काय आहे?

अ‍ॅथल : ग्रीस असेल.

मर्ल : कारखान्यातून येताना लावतात ते? वाटेत गंज चढू नये म्हणून?

अ‍ॅथल : काही लोक नंतरही लावतात. हौस असते एकेकाला.

मर्ल : अ‍ॅथल, मी एकतीस वर्षं सफरचंदं निवडायच्या शेडमध्ये काढली. पट्ट्यावरून पळणाऱ्या फळातली कीड मी गप्पा मारता मारता उचलायचे. मला ग्रीस शिकवू नकोस. आतमध्ये चिमूटभर भुसा नाही. आणि हे दात बघ.

अ‍ॅथल : काय झालं दातांना?

मर्ल : वर बघतायत. लाकूड वरून टेबलावर दाबून कापायचं, तर दात खाली बघायला नकोत का? मी सुतार नाही, पण मी पावही कापलेला नाही असं समजू नकोस.

अ‍ॅथल : पातं उलटं बसलंय.

मर्ल : कधीपासून?

अ‍ॅथल : मर्ल, मला वाटतं आपण चहा घेऊ या.

मर्ल : चहा नंतर. अकरा वर्षं हा माणूस सकाळी दहाला डबा घेऊन इथे यायचा आणि चारला परत. केसांत भुसा, बाह्यांवर भुसा. तो काय दुकानातून आणायचा?

अ‍ॅथल : भुसा खरा होता.

मर्ल : कुणाचा?

अ‍ॅथल : माझा.

मर्ल : म्हणजे तू.

अ‍ॅथल : काय मी?

मर्ल : नऊ वर्षं मला वाटत होतं, बाई आहे. एकदा मी इकडे चहाबरोबर खायला स्कोन घेऊन आले, तर रेडिओवर क्रिकेट चालू आणि आत कोणी नाही. मागचं दार उघडं, ओढ्याकडच्या गवतात चांगली मळलेली पायवाट. मी नावंसुद्धा काढली मनात. पोस्टातली ग्लेनिस. ती गुरांची नवी डॉक्टरीण. आणि निघालं कोण, तर दाढीत बिस्किटाचा चुरा अडकलेला अ‍ॅथल बेसविक.

अ‍ॅथल : ग्लेनिसच्या तोडीचा नाही मी, हे मान्य आहे.

मर्ल : बिचारीशी मी नऊ वर्षं धड बोलले नाही. तिनं नाताळात केक पाठवला, तो कोंबड्यांना घातला.

अ‍ॅथल : त्याला विचारायचंस एकदा.

मर्ल : विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं. रॉइसला खोटं बोलताच यायचं नाही. म्हणून नाही विचारलं.

अ‍ॅथल : खोटं बोलता यायचं नाही, हे आता जरा...

मर्ल : गप्प बस. आणि सांग.

अ‍ॅथल : करवत आणली त्याच दिवशी त्यानं ती सुरू केली. ताण न देता. पातं चाकावरून सुटलं आणि बंदुकीसारखा आवाज झाला. कानाजवळून गेलं म्हणायचा. अर्धा तास जमिनीवर बसून होता. मग कसंबसं परत बसवलं, उलटं, आणि पुन्हा कधी बटण दाबलं नाही.

मर्ल : मग तेव्हाच सांगायचं. मी काय खाणार होते त्याला?

अ‍ॅथल : सांगणार होता. पण तू तोवर चर्चच्या जेवणात तीस जणांना सांगितलं होतंस की रॉइस तुला स्टूल करून देतोय.

मर्ल : हं.

अ‍ॅथल : शनिवारी बाजारात मी स्टुलं विकत बसलो होतो, तिथे येऊन उभा राहिला. म्हणाला, एक स्टूल दे आणि कुठे बोलू नकोस. मला वाटलं, एक स्टूल. त्यात काय?

मर्ल : नातीचा पाळणा?

अ‍ॅथल : मी.

मर्ल : हॉलचा बाक?

अ‍ॅथल : मी. पॉलिश त्याचं.

मर्ल : जत्रेतलं पहिलं बक्षीस? निळी फीत अजून आमच्या फ्रीजवर आहे.

अ‍ॅथल : ते विचारू नकोस.

मर्ल : विचारतेय.

अ‍ॅथल : त्या वर्षी मी माझ्या नावानंही एक स्टूल ठेवलं होतं. दुसरं आलं. परीक्षक मला म्हणाला, टास्करकडून शीक काहीतरी. दोन महिने मी रॉइसशी बोललो नाही.

मर्ल : हसू का मी?

अ‍ॅथल : हस. माझी बायको अजून हसते.

मर्ल : म्हणजे तिलाही माहीत होतं. छान. आणि तो तुझ्या शेडमध्ये बसून सहा सहा तास करायचा काय? तू कापायचास आणि हा टाळ्या वाजवायचा?

अ‍ॅथल : करवत चालू असली की अंगणात जाऊन उभा राहायचा. बंद झाली की आत. घासकागद मारायचा. आणि आखायचा. त्यातलं काहीही माझं नाही, मर्ल. पाकिटांच्या पाठीवर काढून आणायचा. तुझी ती दागिन्यांची डबी मी तीनदा कापली. म्हणायचा, मर्लचा उजवा खांदा दुखतो, झाकण डाव्या हातानं उघडायला हवं. म्हटलं, अरे डबी आहे, बँकेची तिजोरी नाही. परत काप, म्हणाला.

मर्ल : खांदा दुखतो हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

अ‍ॅथल : ते मला माहीत नाही. झाकण डावीकडून उघडतं एवढं माहीत आहे.

मर्ल : डाव्याच हातानं उघडते मी ती.

अ‍ॅथल : चहा?

मर्ल : नको. पातं सरळ कर.

अ‍ॅथल : पाटी मी करतो. चाळीस कामं त्याच्या नावानं केली, हे एकेचाळिसावं.

मर्ल : नाही. तू सांगायचं, मी करायचं. कमिटीला मी सांगेन, 'सुतार' शब्द काढा. नुसतं नाव राहू दे.

अ‍ॅथल : का विचारलं तर?

मर्ल : म्हणेन, अक्षरं मावत नाहीत. बोल आता.

अ‍ॅथल : हातमोजे नकोत, ते पात्यात ओढले जातात. आधी ताण पूर्ण सोड, मूठ फिरव. आता पातं बाहेर काढ. दात तुझ्याकडे नको करूस बाई, पोट सांभाळ. आता ते मोज्यासारखं उलट, आतली बाजू बाहेर.

मर्ल : अंगावर येतंय हे. सापासारखं वळवळतंय.

अ‍ॅथल : घाबरलीस की जास्त वळवळतं. हां, उलटलं. दात कुठे बघतायत?

मर्ल : खाली.

अ‍ॅथल : तेवढ्यासाठी अकरा वर्षं. आता चाकांवर चढव आणि ताण दे. बोटानं पात्याला बाजूनं दाब. जरासं हललं पाहिजे, जास्त नाही. आता चाक हातानं फिरव. पातं कुठे चाललंय?

मर्ल : पुढे. पडेल बहुतेक.

अ‍ॅथल : मागचा स्क्रू, किंचित. वरचं चाक कलतं त्यानं. फिरव परत.

मर्ल : मधोमध आलं.

अ‍ॅथल : तिथेच घट्ट कर. आता पात्याला सरळ धरणारे हे बाजूचे ठोकळे. पातं आणि ठोकळा यांच्यात एका कागदाची फट हवी. कागद आहे?

मर्ल : कमिटीचं पत्र आहे.

अ‍ॅथल : पातळ आहे, चालेल. दोन्ही बाजूंना घाल, ठोकळे टेकव, कागद ओढून घे. मागचं बेअरिंगही तसंच, टेकू द्यायचं नाही. गुण्या लाव टेबलाला. काटकोन?

मर्ल : काटकोन.

अ‍ॅथल : आता पातं झाकणारी ही वरची पट्टी लाकडाच्या जेमतेम वर आण. बोटं कधीही पात्याच्या समोर नाहीत, बाजूला. आणि ढकलायचं नाही. ती खाईल तेवढंच द्यायचं. पहिल्यांदा पाइनच्या रद्दी तुकड्यावर कर.

मर्ल : नको. ब्लॅकवुडच आण.

अ‍ॅथल : मर्ल, एकच फळी आहे.

मर्ल : मला मोजता येतं. रेघ मारून दे. आणि तू अंगणात जाऊन उभा राहायचं नाहीस.

(मर्ल करवतीची दारं लावते, प्लग जोडते. करवत सुरू होते. बराच वेळ चालते. मग ती बंद होते.)

अ‍ॅथल : श्वास घे.

मर्ल : घेतेय. दाखव.

अ‍ॅथल : वाईट नाही. शेवटी जराशी डावीकडे गेलीस. करवतीचा दोष नाही हं तो.

मर्ल : माझा आहे. तू म्हणालास ढकलू नकोस, मी ढकललं.

अ‍ॅथल : रंधा आणलाय मी. चार हात मारले की सरळ होईल.

मर्ल : राहू दे.

अ‍ॅथल : हॉलमध्ये लागणारे. लोकांच्या डोळ्यांवर येईल.

मर्ल : येऊ दे. या शेडमध्ये झालेली पहिलीच वस्तू आहे ती.