नुसतं बघायला

मी भोरच्या कचेरीत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. एका सुट्टीला अचानक मनात आलं आणि आम्ही तिघे कारकून आंबवड्याच्या डोंगराकडे चालत सुटलो. ओढ्यात पाय सोडून मजेत बसलो होतो, तोच गावचे पाटील धावत आले.

“कसली चौकशी हाय, रावसाहेब?”

“चौकशी नाही. डोंगर बघायला आलोय.”

“डोंगराला काय झालं?”

“काही नाही हो. बरं वाटतं म्हणून.”

पाटलांना ते पटेना. त्यांनी जमिनीचे कागद दाखवले, पिठलं-भाकरी खाऊ घातली. आम्ही जेवलो आणि गाणी म्हणत परतलो.

आठ दिवसांनी पाटील कचेरीत येऊन दिवसभर बाकावर बसले. संध्याकाळी मी विचारलं, “पाटील, काम काय?”

“काम न्हाई. तुमच्यावानी नुसतं बघाया आलतो,” पाटील उठत म्हणाले, “पर हितं काय बरं वाटंना.”