सदूकाकांची कॅसेट

"दम असेल तर सदूकाकांची कॅसेट पुसून दाखव," माझा दोस्त बबलू बोलला, आणि यार, मी गधा हो म्हणून बसलो.

सदूकाका म्हणजे शिंदे घाटावरच्या आम्हा मराठी लोकांच्या गणपतीतले गाणेवाले. रेल्वेतून रिटायर. विसर्जनाच्या दिवशी दर वर्षी तीच कॅसेट लावायचे, तरुणपणी रेडिओवरून भरलेली. भावगीत, मग कव्वाली, मग गझल, मध्येच डिस्को. "तेव्हा एका रेडिओवर सगळं वाजायचं रे, तुमचं नुसतं ढिंच्याक," असं ऐकवायचे.

पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी कॅसेटच्या मागच्या पट्ट्या तोडल्या होत्या. मी कॅसेट हळूच उचलली, भोकांवर सेलोटेप लावला, म्हणजे परत रेकॉर्ड होतं, दोन्ही बाजूंना डीजे भरला आणि सेलोटेप काढून जागेवर ठेवून दिली.

विसर्जनाला काकांनी बटण दाबलं. ढिंच्याक! पोरं नाचायला लागली. काकांनी कॅसेट उलटी केली, परत सुलटी केली. मग माइकवर बोलले, "माफ करा, माझ्याच हातून पुसली गेली वाटतं."

मी पोट धरून हसत होतो. तेवढ्यात त्यांचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, तुमच्या आजकाल काही लक्षात राहत नाही. पुढच्या वर्षीपासून गाणी हा बघेल." आणि बोट माझ्याकडे!

काकांनी मान हलवली आणि टेपची वायर गुंडाळायला लागले.

"काका, तुम्ही नाही विसरलात. मी पुसली."

त्यांनी वायर खाली ठेवली. "कव्वाली पण?"

"सगळंच, काका."